घेवड्याचे तीन दाणे

माझ्या मामेबहिणीचा, लोरेदानाताईचा फोन बुधवारी आला. "शनिवारी बाबांकडे जा. एक दिवस, एक रात्र राहा. त्यांना न कळता बघ आणि रविवारी सकाळी मला सांग."

काय बघायचं, तेही तिने ठरवून दिलं होतं. गॅस आठवणीने बंद करतात का? लिंबांच्या घराच्या फळ्या जागच्या जागी लावतात का? रात्री तिथल्या वाडग्यातलं पाणी गोठलंय का ते बघायला उठतात का? माझी उत्तरं पटली नाहीत तर ती रविवारी दुपारी गाडी घेऊन येणार होती आणि बोर्तोलोमामा हा सगळा हिवाळा ब्रेशा शहरात, तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात काढणार होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्याने एकही हिवाळा तळ्यापासून दूर काढलेला नव्हता.

"तू भौतिकशास्त्र शिकलीस, नोएमी. तुला मोजता येतं," ती म्हणाली. "मी गेले की मला नुसतं रडू येतं."

शनिवारी सकाळी बसमधून उतरले तेव्हा मामा धक्क्यावरच्या बाकावर बसला होता. टोपी कानांपर्यंत ओढलेली.

"आलीस? तपासणी कुठून सुरू करायची? जीभ दाखवू?"

"कसली तपासणी, मामा?"

"लोरेदाना लहानपणी थाप मारताना अशीच बुटांकडे बघायची," तो म्हणाला आणि माझी पिशवी उचलून चालू लागला.

डोंगरावरून येणारा सकाळचा वारा अजून पडला नव्हता. एरवी दहाच्या सुमारास तो थांबतो आणि दुपारी खालून, दक्षिणेकडून वारा सुटतो. आज साडेअकरा वाजले तरी तळ्याचं पाणी गडद होतं, लाटा दक्षिणेकडेच पळत होत्या. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. गार्दा तळ्याच्या काठावर वाढलेल्या कोणालाही एवढं बघितलं की पुरतं. रात्री थंडी पडणार होती आणि मामाच्या लिंबांची पुढची बाजू अजून उघडी होती.

लिंबांचं घर म्हणजे तीन बाजूंनी उंच दगडी भिंती आणि तळ्याकडच्या बाजूला दगडी खांबांची रांग. छतावरच्या फळ्या गावातली तरणी माणसं आधीच्या आठवड्यात घालून गेली होती. खांबांच्या मधल्या फळ्या आणि काचेच्या चौकटी मात्र मामा स्वतः लावतो. एकूण बेचाळीस फळ्या. प्रत्येकीवर आकडा कोरलेला, खांबावर त्याच्या जोडीचा, पण खांबांवरचे आता झिजून गेलेले. दोन फळ्यांची अदलाबदल झाली तर बोटभर फट राहते, आणि थंडीला बोटभर फट म्हणजे उघडं दार. मी लहान असताना मामा आकड्यांकडे बघतसुद्धा नसे. फळी हातात घेतली, तिचं वजन जोखलं की पाय आपोआप योग्य खांबाकडे वळायचे.

आम्ही बाराला सुरुवात केली. मी फळी धरायची, त्याने ठोकायची, मग दोघांनी फटींत वाळलं गवत कोंबायचं. सतरावी फळी त्याने उचलली, दोन खांबांपर्यंत नेली, परत आणली. पुन्हा नेली. मी दुसरीकडे बघितलं.

भिंतीपलीकडून ओर्तेन्सिआकाकूंचा आवाज आला. त्यांचं लिंबांचं घर मामाच्या घराला लागूनच आहे. काकू ऐंशीच्या. त्यांच्या फळ्या मंगळवारीच लागून झाल्या होत्या.

"बोर्तोलो, किती वेळ लावतोस! एवढ्यात ऑस्ट्रियाचं सैन्य परत येऊन तोफा डागून गेलं असतं!"

"आलं तर तुझ्या भगदाडातूनच येईल!" मामा ओरडला.

"माझं भगदाड? अंजीर कोणाचं?"

"अंजीर माझं. भिंत तुझी."

हे भांडण नऊ वर्षांचं आहे. मामाच्या अंजिराच्या मुळांनी मधल्या भिंतीत माणूस वाकून जाईल एवढी वाट केली आहे आणि ती कोणी बुजवायची, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

"नोएमी," काकू मला म्हणाल्या, "याला जेवायला घाल ग. उपाशी पोटी याचं डोकं आणखीनच चालत नाही."

"हिच्या फळ्या कोणी लावल्या, विचार तिला," मामा खिळा तोंडात धरून पुटपुटला, पण पलीकडे ऐकू जाणार नाही एवढ्या हळू.

पंचविसाव्या फळीच्या वेळी माझ्या हातून हातोडी पडली. उचलायला वाकले तर खांबाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, खडूने आकडा लिहिलेला दिसला. ताजा, अजून पांढरा शुभ्र. पुढच्या खांबावरही होता. त्याच्याही पुढच्या. प्रत्येक खांबावर, उभ्या माणसाला दिसणार नाही अशा जागी. फळी ठोकायच्या आधी मामा दर वेळी बुटाची नाडी बांधायला का वाकत होता, ते मला कळलं.

सगळ्या फळ्या लागल्यावर फोनवर टिपून ठेवलं: फळ्या, बेचाळीसपैकी बेचाळीस बरोबर. खडूच्या मदतीने. नंतर दुसरं वाक्य पुसलं. मग पुन्हा लिहिलं. निरीक्षण निम्मं लिहायचं नसतं.

संध्याकाळी त्याने मक्याच्या पिठाचा पोलेन्ता घोटला आणि तळ्यातले छोटे मासे तळले. जेवण झाल्यावर गॅसची कळ बंद केली. भांडी धुता धुता एकदा येऊन कळ चाचपली. हात पुसून पुन्हा. दिवा घालवताना तिसऱ्यांदा, आणि दारातून परत फिरून चौथ्यांदा. हेही मी लिहिलं.

मग आम्ही वाडगा ठेवायला गेलो. कडेचे टवके उडालेला पांढरा वाडगा, दाराजवळच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात एका दगडावर. त्यात चार बोटं पाणी. पाण्यावर बर्फाची साय धरली की आतली चूल पेटवायची, कारण लिंबाचं झाड त्यानंतरही दोन-तीन अंश तग धरतं. तेवढा वेळ हातात असतो. मामाचे आजोबाही असंच करायचे. खांबाला टांगलेला तापमापक चार अंश दाखवत होता.

"म्हणजे दोन," मामा म्हणाला. "हा दोन जास्त दाखवतो."

"मग नवा घे ना. थंडी वाढली की फोनवर कळवणारेही मिळतात."

"नवा कधी खोटं बोलेल, कोणाला माहीत? याचं खोटं मला पाठ आहे." त्याने वाडगा थोडा सरकवून सपाट बसवला. "मी रात्री दोनला एकदा उठतो. मग पहाटे एकदा. गजर लागत नाही मला. म्हातारपण पुरतं."

मी वरच्या खोलीत जागी राहिले. सव्वाबारापर्यंत वारा होता, मग तोही पडला. दोन वाजले. खालून मामाचं घोरणं एका लयीत येत होतं. दोन वाजून दहा. लय तीच. सव्वादोनला मी कोट चढवला. ताईच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते मला नको होतं.

लिंबांच्या घरात दिवा हलत होता.

नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घातलेल्या ओर्तेन्सिआकाकू वाडग्यावर वाकल्या होत्या. मला बघून दचकल्या नाहीत. आधी त्यांनी बोटाने पाणी हलवून पाहिलं, मग कोटाच्या खिशातून घेवड्याचा एक ठिपकेदार दाणा काढून दगडावर ठेवला. तिथे आधीच एक दाणा होता.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या. "झोप जा."

"काकू, तुम्ही इथे?"

"मग कोण? तो? तो झोपला की बांधून ठेवलेल्या नावेसारखा. तोफ उडवली तरी नुसता डुलेल."

"दाणे कशाला?"

"मी बघून गेले की नाही, ते मला कसं लक्षात राहणार? बाराला एक, दोनला एक, चारला एक. तीन झाले की मी मोकळी." त्यांनी हात बगलेत घातले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. "दोन हिवाळे झाले. त्याला सांगू नकोस हं. पुरुषाची जात. लाजेल आणि उद्यापासून जागत बसेल."

"आणि बर्फ धरला तर?"

"मग खिडकी बडवते त्याची. म्हणते, माझ्याकडे गोठलंय, ऊठ, पेटव. तो पेटवतो. आधी माझी चूल, मग स्वतःची. मला काडी ओढता येत नाही आता. गेल्या वर्षी दोनदा उठवलं." अंजिराजवळच्या भगदाडातून वाकून जाताना त्या थांबल्या. "एकदा उठला ना, की चूक करत नाही तो. हेही लिही तुझ्या त्या फोनमध्ये."

मी लिहीत असल्याचं त्यांना कसं कळलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी मामा कॉफी ओतत म्हणाला, "दोनला बघून आलो. पाणी अगदी मोकळं होतं."

मी टेबलावर तीन दाणे ठेवले.

तो उठला, फडताळाच्या वरच्या फळीवरून काचेची बरणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. निम्म्यापर्यंत घेवडा भरलेला.

"पहिल्यांदा वाटलं उंदीर," तो म्हणाला. "मग वाटलं, मीच ठेवतो आणि विसरतो. तेव्हा घाबरलो, नोएमी. खरंच घाबरलो. एका रात्री झोपायचं नाही ठरवून झाडामागे बसलो. बाराला ती आली. तिच्या म्हाताऱ्याचा कोट घालून, भिंतीतून, चोरासारखी."

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार? जाऊन झोपलो. बोललो असतो तर तिला विचारावं लागलं असतं, तू बरा आहेस ना म्हणून. मग मला उत्तर द्यावं लागलं असतं." त्याने तीन दाणे बरणीत टाकले. "रविवारी याचंच सूप करून तिला पाठवतो. म्हणते, घेवडा जुना आहे, शिजत नाही. तिला सांगू नकोस."

"मग दोनला उठलो असं मला का सांगितलंस?"

"तू लोरेदानाला सांगणार होतीस म्हणून." तो कपाकडे बघत होता. "खडूचं सांगणार आहेस?"

"तुला कसं कळलं, मला दिसलं ते?"

"हातोडी पडल्यानंतर तू माझ्याकडे बघणं बंद केलंस."

नऊला मी फोन घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसले. तळं स्थिर होतं. दोघांनीही मला एकमेकांना सांगू नकोस म्हटलं होतं. ताईला सांगू नकोस असं कोणीच म्हटलं नव्हतं.

"गॅस?" ताईने विचारलं.

"बंद करतो. चार वेळा तपासतो."

"फळ्या?"

"सगळ्या बरोबर. आठवत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी खांबांवर आकडे लिहून ठेवतो. लपवून."

"आणि रात्री?"

"उठला नाही."

ती हळूच म्हणाली, "मी एक वाजेपर्यंत पोचते. त्यांची जाड गोधडी तेवढी बाहेर काढून ठेव."

"ताई, थांब. वाडगा बघितला गेला. तीन वेळा." मी सगळं सांगितलं. भगदाड, ओव्हरकोट, दाणे, बरणी, सूप. आणि मंगळवारी काकूंच्या फळ्या कोणी लावल्या तेही. "तो किती विसरतो हे त्याला नेमकं माहीत आहे. त्या हिशेबानेच तो वागतो. आणि तू त्याला नेलंस तर काकूंची चूल कोण पेटवणार, हे मला माहीत नाही. हे मोजायला तू सांगितलं नव्हतंस, पण ते यातच येतं."

"ती ओर्तेन्सिआ?" ताई हसत होती की रडत होती, कळलं नाही. "नऊ वर्षं तिला शिव्या घालतात बाबा."

मग ती म्हणाली, "ती भिंतीतली वाट बुजवू नका म्हणावं त्यांना."

तरी तिने विचारलं, "पुढच्या हिवाळ्यातही असंच चालेल का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "फेब्रुवारीत परत येऊन बघते. तेव्हा पुन्हा सांगेन. जे दिसेल ते."

"फेब्रुवारीपर्यंत, मग," ती म्हणाली. "गोधडी राहू दे तिथेच."

मी वळले. मामा दारात उभा होता, हातात झाडू, पण झाडत नव्हता. मी आत जाऊन फक्त माझी पिशवी उचलली आणि त्याची गोधडी होती तिथेच आहे, म्हणजे त्याला कुठे जायचं नाही, हे त्याला दिसू दिलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "बोर्तोलो! माझी तिसरी फळी वाकडी लावलीस! वारा येतोय आत!"

"डोळे वाकडे असतील तुझे!" मामा ओरडला.

मग त्याने झाडू भिंतीला टेकवला, खिशात हात घालून खडू आहे ना ते चाचपलं, आणि अंजिराजवळ जाऊन भगदाडातून वाकून पलीकडे गेला.