सार्डिनचा पहिला सामना

आमच्या बास्केटबॉल लीगमध्ये संघ गावाच्या नावाने ओळखला जात नाही, मालाच्या नावाने ओळखला जातो. मनिलात एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, लग्न कधी झालं, तर तो साल सांगणार नाही. म्हणेल, "साबणाने रेडिओला हरवलं त्या वर्षी." ऐकणाराही मान डोलावतो आणि मनातल्या मनात हिशोब करून त्याच्या थोरल्या मुलीचं वय काढतो.

कंपनीने नवा माल काढला की संघाचं नाव बदलतं. हंगाम सुरू होताना संघ फरशीचं पॉलिश असतो आणि संपताना डबाबंद मासे. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच, त्याच्या शिव्याही त्याच. फक्त छातीवरची अक्षरं वेगळी.

ओगिंग दिमालांता अकरा वर्षं एकाच संघात खेळला. त्या अकरा वर्षांत तो रेयना साबण होता, टिबाय पॉलिश होता, बिटुइन सार्डिन होता, आणि कंपनीने संघ विकल्यावर शेवटची दोन वर्षं किडलाट बॅटरी. तो निवृत्त झाल्यावर तोच संघ टेलिफोन झाला, कोंबड्यांचं खाद्य झाला, आणि गेल्या महिन्यात एका बाटलीबंद पाण्याच्या कंपनीने तो घेतला. आता त्याचं नाव बातिस पाणी.

हे सगळं मला पाठ आहे, कारण माझं कामच ते. तेविसाव्या वर्षी मी मैदानाच्या कडेच्या टेबलावर बसून गुण लिहायला लागले. आता चौसष्ट झाले. क्युबाओतल्या लीगच्या कचेरीत मला एक खोली, एक पंखा आणि नऊ लोखंडी कपाटं आहेत. वरच्या मजल्यावरची पोरं म्हणतात, मिस पेता, आता सगळं संगणकात आहे. मी म्हणते, बाबांनो, संगणकात जे आहे ते या कपाटांतूनच गेलंय.

लीगला पंचवीस वर्षं झाली तेव्हा वरच्यांच्या डोक्यातून पाच हजारांचं मंडळ निघालं. कारकिर्दीत ज्याचे पाच हजार गुण झाले तो त्यात. त्याला निळं जॅकेट, मैदानाला लागून जन्मभराची खुर्ची, आणि समारंभात नाव पुकारणं. ओगिंगचे भरले चार हजार नऊशे एक्क्याण्णव.

नऊ कमी.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्याच संघातला बाल्डो व्हिलारोमान पाच हजार सहावर मंडळात बसला. दोघे मरिकिनात दोन गल्ल्या सोडून राहतात, रविवारी प्रार्थना झाली की एकाच टपरीवर आल्याची पेज खातात. बाल्डो आता वॉर्डाचा सभासद आहे. तिन्ही निवडणुकांच्या पोस्टरवर त्याने ते निळं जॅकेट घातलंय, मे महिन्यातसुद्धा. टपरीवर कुणीही नवा माणूस आला की बाल्डो ओळख करून देतो, "हा ओगिंग. नऊ कमी." पंचवीस वर्षांच्या रविवारांचा गुणाकार तुम्हीच करा.

या वर्षी लीगला पन्नास झाली. मंडळातल्यांची नावं पितळी पाटीवर कोरून कोलिझियमच्या दारात लावायची ठरली. पाटी शुक्रवारी कोरणाऱ्याकडे जाणार होती. मंगळवारी सकाळी ओगिंग माझ्या दारात उभा. एका हातात पावांची गरम पिशवी, दुसऱ्या हातात बिस्किटांचा गंजका डबा.

"पेता, कामात आहेस?"

"पाव आणलेत म्हणजे कामच घेऊन आलायत तुम्ही, कुया ओगिंग. बसा."

आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला कुया म्हणतात. मोठ्या भावाचा मान द्यायचा, आणि मोठ्या भावासारखंच त्याचं ऐकायचं नाही.

त्याने डब्यातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. "छप्पर गळलं म्हणून साबेलने जुनी ट्रंक उपसली. त्यात हे मिळालं."

फोटोत बिटुइनच्या जर्सीतला एक खेळाडू उडी मारून चेंडू टाकत होता. पाठीवर अठरा नंबर. खाली छापलं होतं, "बिटुइन सार्डिनचा व्हिलारोमान". साबेलने त्या नावावर काट मारून निळ्या पेनाने लिहिलं होतं, "माझा नवरा".

"पेपरवाल्यांची चूक म्हणून तेव्हा हसलो होतो," ओगिंग म्हणाला. "काल रात्री पडल्या पडल्या वाटलं, पेपरवाल्यांना नावं देत कोण होतं?"

"आम्ही," मी म्हणाले.

कात्रणावरची तारीख पाहून मी चौऱ्याऐंशीचं कपाट उघडलं. सार्डिनच्या पहिल्या सामन्याची स्कोअरशीट काढली. अक्षर माझंच, तेव्हा बरं होतं. दिमालांता, चार नंबर: खेळला नाही. व्हिलारोमान, अठरा नंबर: तेरा गुण.

"त्या हंगामात मी एकही सामना चुकवलेला नाही," ओगिंग म्हणाला. "माझ्या लग्नाच्या दिवशीही खेळलो. साबेल अजून बोलून दाखवते."

"मग तुमची चार नंबरची जर्सी कुठे गेली?"

तेव्हा त्याने सांगितलं आणि मलाही एकेक आठवत गेलं. मालक चिनी. माणूस लाख, पण नव्या मालाचा मुहूर्त म्हटला की चार आकडा त्याच्या डोळ्यांसमोर नको. चिनीत चार म्हटलं की मरण म्हटल्यासारखं ऐकू येतं. त्याने सार्डिनच्या डब्याची किंमत ठरवतानासुद्धा चार टाळला होता. तायताय गावच्या शिंप्याला त्याने परस्पर सांगितलं, मुहूर्ताला चार नंबर शिवूच नकोस. जर्सी आल्या सामन्याच्या अर्धा तास आधी. ओगिंगला जर्सीच नाही. यादी तर सकाळीच आमच्या टेबलावर आली होती. आता नंबर बदलायचा म्हणजे दंडाचा फटका, आणि तोही मालक पहिल्या रांगेत बसलेला असताना. बाल्डोचा घोटा मुरगळला होता. व्यवस्थापकाने त्याची जर्सी काढून ओगिंगच्या अंगात घातली आणि दोघांना सांगितलं, तोंड बंद.

"आणि तू चेहरा नाही बघितलास?" ओगिंगने विचारलं.

"टेबलावरून पाठ दिसते, कुया. आणि त्या दिवशी दारात प्रत्येकाला एकेक डबा फुकट वाटला होता. माझ्या शेजारचा वेळ धरणारा तिथेच डबा उघडून बसला होता. माझी अर्धी शीट तेलकट आहे, ही बघा."

त्याने पाहिलं. तेलाचा डाग एक्केचाळीस वर्षांत तपकिरी झाला होता.

"म्हणजे चूक तुझी."

"माझी. शिंप्याची, मालकाची, व्यवस्थापकाचीही. पण अक्षर माझं."

मी भिंग घेऊन कात्रण पाहिलं. चेंडू टाकणारा हात डावा. आख्ख्या संघात डावखुरा एकटा ओगिंग. आणि मागे बाकावर, फुलाफुलांच्या शर्टात, मांडीवर तीन डबे घेऊन बसलेला बाल्डो. त्याला ओळखायला भिंगाची गरज नव्हती. त्याचे कान तेव्हाही तेवढेच मोठे होते.

मी कागदावर बेरीज मांडली. ओगिंगचे तेरा वाढले की पाच हजार चार. बाल्डोचे तेरा गेले की चार हजार नऊशे त्र्याण्णव. कागद ओगिंगकडे सरकवला. वाटलं, आता हा गडी विरघळणार, जाऊ दे म्हणणार, मित्राचं जॅकेट कशाला उतरवायचं वगैरे. त्याने चष्मा लावून दोन्ही बेरजा पुन्हा केल्या.

"सात कमी," तो म्हणाला. इतक्या गोडीने त्याला कधी काही बोलताना मी ऐकलं नव्हतं.

नोंदींच्या समितीचे प्रमुख अटर्नी लाक्सामाना यांनी कात्रण पाहिलं, शीट पाहिली आणि नियम वाचून दाखवला. एखाद्याच्या खात्यातले गुण काढायचे तर त्याची स्वतःची सही हवी. "सही आणा, शुक्रवारी दुपारपर्यंत. नाहीतर पाटी आहे तशी जाईल. पितळ एकदा कोरलं की कोरलं."

बुधवारी सकाळी मी मरिकिनाला गेले. ओगिंग बरोबर आला, पण टपरीच्या पलीकडच्या बाकावर बसला. मागायला म्हणून तो तोंड उघडणार नव्हता. बाल्डो पेजेत अंडं कुस्करत होता.

"पेता, वाट चुकलीस? बस. हा तिकडे तोंड करून बसलाय त्याला ओळखतेस ना? नऊ कमी."

मी कात्रण त्याच्या वाटीशेजारी ठेवलं. त्याने पाहिलं. चमचा थांबला नाही, पण अंडं कुस्करून झालं होतं तरी तो कुस्करतच राहिला.

"छान दिसतोय मी," तो म्हणाला.

"तुम्ही मागे बाकावर छान दिसताय, कुया बाल्डो. फुलांच्या शर्टात."

"एक्केचाळीस वर्षं झाली. शर्ट कुणाचा आणि जर्सी कुणाची, कोण सांगणार?"

"तुम्ही सांगणार. या कागदावर."

त्याने कागद वाचला, घडी घातली, उलगडला, पुन्हा वाचला. "ऑक्टोबरात निवडणूक आहे, पेता. लोक पोस्टर बघतात. जॅकेट गेलं तर विचारतील, आणखी काय काय दुसऱ्याचं आहे तुमच्याकडे?"

"त्याचं उत्तर मी कसं देणार?"

"माझेही गुण कुठे कुठे हरवले असतील. सात म्हणजे काय, चार बास्केट. शोध ना. सापडले तर सही करतो."

मला ते पटलं. हिशोब एका बाजूने तपासायचा नसतो. बुधवारची दुपार आणि गुरुवारचा आख्खा दिवस मी बाल्डोचे चारशेच्या वर सामने काढून बसले. दोन गुण सापडले, शहाऐंशीतल्या एका सामन्यातले, बेरजेत राहून गेलेले. चार हजार नऊशे पंच्याण्णव. पाच कमी. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा टपरीवर.

"दोनच?" बाल्डो म्हणाला.

"दोन. ते तुम्हाला मिळतील, सही केली नाहीत तरी."

"आणि नाही केली तर?"

"तर तेरा गुण तुमचेच राहतील. पण वार्षिक नोंदवहीत त्या सामन्याखाली मी एक टीप छापणार. अठरा नंबरचा खेळाडू या सामन्यात डाव्या हाताने खेळला, एवढीच. तो अधिकार माझा आहे, समितीचा नाही."

"तुझी वही वाचतो कोण?"

मी पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. ओगिंग पाठ करून पेज खात होता. "ते वाचतात. दर रविवारी वाचतील. मोठ्याने."

बाल्डोने वाटी बाजूला सारली. मग त्याने पहिल्यांदा पलीकडे हाक मारली, आमच्याकडे दोस्ताला मारतात तशी.

"पारे."

"काय?"

"तू एकदाही विचारलं नाहीस मला."

"तू पंचवीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस."

"पेपरात माझं नाव आलं तेव्हा आईने कात्रण काढून देव्हाऱ्याशी लावलं. तिला काय सांगणार होतो, मी बाकावर बसून मासे खात होतो म्हणून?"

"आई जाऊन वीस वर्षं झाली, पारे."

"तोवर सवय झाली होती," बाल्डो म्हणाला. माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली. सही नेहमीसारखी मोठी होती, पोस्टरवर असते तशी. खाली त्याने लिहिलं, "घोटा खरोखर मुरगळला होता." ते खोडायचं कारण मला दिसलं नाही.

समारंभ पुढच्या शनिवारी दुपारी होता. नवं जॅकेट शिवायला वेळ नव्हता, म्हणून अटर्नींनी बाल्डोचंच परत घेऊन ओगिंगला दिलं. बाल्डो रुंद, ओगिंग काठी. बाह्या बोटांपर्यंत आल्या. बाल्डो पाहुण्यांच्या खुर्चीवर त्याच्या शेजारीच बसला होता, साध्या पांढऱ्या सदऱ्यात, आणि सतत सांगत होता की डाव्या खिशाला भोक आहे, चिल्लर ठेवू नकोस.

एकेक नाव पुकारलं जात होतं. जुन्या मालकांपैकी आता कुणी पैसे देत नव्हतं, म्हणून प्रत्येक खेळाडूला त्याच्या संघाच्या सध्याच्या मालाचं नाव लावलं होतं. निवेदक म्हणाला, "बातिस पाणी, रोगासियानो दिमालांता."

ओगिंग बसूनच राहिला. टाळ्या वाजवत इकडे तिकडे बघत होता, हा पाण्याचा दिमालांता कोण, म्हणून.

"ऊठ," बाल्डो म्हणाला.

"मी पाण्यात कधी खेळलो?"

"ऊठ रे, पाणी तूच. सार्डिन मेलं. ऊठ, नाहीतर मी जातो."

तेव्हा तो उठला. बाह्या वर सारत मैदानाच्या मध्यापर्यंत गेला आणि डावा हात वर केला. दुसऱ्या मजल्यावरून एक म्हातारा ओरडला, "टिबाय पॉलिश!" निवेदकाला कळलं नाही. ओगिंगला कळलं.

रविवारी मी टपरीवर गेले, पाटीवरच्या अक्षरांची नक्कल दाखवायला. बाल्डोच्या शेजारी एक अनोळखी माणूस पेज खात होता. बाल्डोने चमचा ओगिंगकडे रोखला.

"हा ओगिंग," तो म्हणाला. "चार जास्त."

ओगिंगने जॅकेटची बाही वाटीतून वर काढली. "आणि हा बाल्डो," तो म्हणाला, आणि पाच बोटं दाखवून पेज खायला लागला.