कवचाची दोन मिनिटं

शिंगं आधी विरघळतात — माशीच्या रव्याच्या कणाएवढ्या त्या अंड्याच्या टोकावरची दोन नाजूक शिंगं. मग बाहेरचं जाडसर कवच सुटतं, आणि उरतं ते आतलं, काचेसारखं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप... गुनवोर भिंगावर वाकून मनातल्या मनात गाणं म्हणत होती. ब्लीचमध्ये अंडी बरोबर दोन मिनिटं ठेवायची, जास्त झालं की आतलं कवचही झिजतं, आणि दोन मिनिटं म्हणजे तिचा नवरा स्तूरे होडीत गुणगुणायचा त्या गाण्याची तीन कडवी. सव्वीस वर्षं तिने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

ती दुसऱ्या कडव्यात होती आणि टेबलावरचं खेळणं किणकिणलं.

प्रयोगशाळेत पीएच.डी. करणाऱ्या तुवाने सकाळीच दिलेली भेट, अंड्याच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ. गंमत म्हणून गुनवोरने ते दोन मिनिटांवर फिरवून ठेवलं होतं. बिघडलं असेल, दुसरं काय! तिने चिमट्याने जाळी उचलली, अंडी धुतली, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत पुन्हा म्हणून पाहिलं. तीन कडव्यांना तीन मिनिटं लागली, वर दहा सेकंद.

म्हणजे गाणं लांबलं होतं... कधीपासून?

कधीपासून ते तिला ठाऊक होतं. ऑक्टोबरात स्तूरे गेला, आणि पाचव्या दिवशी ती कामावर हजर झाली. सगळ्यांनी विचारलं, सगळ्यांना तिने एकच सांगितलं, बरी आहे. आणि तसं वाटतही होतं — दुःख घरी कोटाच्या खुंटीला अडकवून मी इथे येते, इथे माशा आहेत, नळ्या आहेत, कापसाची बुचं आहेत, इथे त्याचं काय काम! आणि ते तर रोज माझ्याबरोबर येत होतं, बोटांच्या टोकापर्यंत, गाण्याच्या दोन शब्दांच्या मध्ये पाय पसरून बसत होतं.

तुवाचा सगळा प्रबंध या आतल्या कवचावर उभा होता. अंडं आपलं कवच स्वतः करत नाही. भोवतीच्या पेशी प्रथिनं पाझरवतात, एकावर एक, ठरल्या क्रमाने, आणि अंडं माशीच्या पोटातून बाहेर सरकताना ती एकमेकांत घट्ट गुंफली जातात. पेशी तेवढं करून गळून जातात. तुवाचं म्हणणं असं, की सर्वांत आधी येणारं एक इवलंसं प्रथिन नसेल तर बाकीची नुसती जमतात, गुंफली जात नाहीत, आणि कवचातून लाल रंग आत शिरतो. ते प्रथिन नसलेल्या माशांची अंडी लाल झाली होती, विसातली अठरा-एकोणीस. निरोगी माशांची पांढरीच राहिली होती.

पण निरोगी अंडी तुवाने उन्हाळ्यात धुतली होती, फोनवर वेळ लावून. आणि प्रथिन नसलेल्या माशांची पाळी हिवाळ्यात आली तेव्हा गुनवोर म्हणाली होती, "तू लिहीत बस गं, ही मी करते." दोन्ही गट एकाच हाताने, एकाच दिवशी करायचे, हे ती नव्या पोरांना पहिल्या दिवशी बजावते. तुवाने तरीही मान डोलावली होती, कारण गुनवोरचा हात म्हणजे सोन्याचा हात.

तिने प्रथिन नसलेल्या त्या माशांची ताजी अंडी घेतली. या खेपेस दोन मिनिटं, काट्यावर. मग लाल रंगात दहा मिनिटं. विसातली अकरा लाल झाली. नऊ पांढरी, स्वच्छ, निर्लज्ज.

म्हणजे पोरगी खोटी नव्हती. छापलं होतं तेवढी खरीही नव्हती. आणि छापलं तर गेलंच होतं. बारा वाजता प्रबंध ठोकायचा होता — परीक्षकांना सामोरं जाण्याच्या तीन आठवडे आधी तो विभागाच्या फळीवर खिळ्याने ठोकायचा, सगळ्यांसमोर, मग केक. उमेओच्या विद्यापीठात हे असंच चालतं.

गप्प बसावं. अकरा काय, अठरा काय, कोण मोजणार? पोरीची पाच वर्षं, तिची आई थेट किरुनाहून आलेली... तिच्यासाठीच मी गप्प बसेन. हे वाक्य तिने दोनदा मनात म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"अगं, कुठे दडलीस? केक वितळायला लागला!" तुवा दारात, हातात हातोडी. "आणि हे बघ, प्रबंध तू धरायचास. मी ठोकणार."

"मी कशाला? तुझी आई आहे की."

"आईला हातोडीचं भय वाटतं. शिवाय अर्धा तुझाच आहे तो. आभारात काय लिहिलंय वाचलंस? 'गुनवोरचा हात कधी चुकत नाही.'" ती हसली. "रडू नकोस हां आत्ताच!"

व्हरांड्यात बारा-पंधरा माणसं, कॉफीचे कप. मे महिन्याचं ऊन थेट फळीवर. गुनवोरने दोन्ही हातांनी प्रबंध फळीवर दाबून धरला. पातळ होता, वजन काहीच नव्हतं. तुवाने खिळा टेकवला, जीभ दातांत धरली, हातोडी उचलली.

"थांब जरा," गुनवोर म्हणाली.

"का गं? बोट मध्ये येतंय?"

सगळे हसले. गुनवोरने हात काढला नाही. सांगायला लागलं की तुवा विचारणार, कसं झालं, तुझ्या हातून कसं झालं? — आणि त्याला उत्तर एकच होतं, सात महिने ज्या दुःखावरून ती रोज 'बरी आहे' म्हणत पुढे गेली होती ते. तिला भीती वाटली, आणि बरंही वाटलं. तिने तुवाच्या तोंडाकडे पाहिलं. पहिलं वाक्य अंड्यांबद्दल नसणार, एवढंच तिला कळलं.