मार्सेलकाकांच्या गॅलरीतला डबा

मी एक जुना रंगाचा डबा आहे, मित्रांनो. वीस लिटरचा, प्लास्टिकचा, पांढरा. विरारच्या मनवेलपाड्यात एका घराच्या भिंती माझ्या पोटातल्या रंगाने रंगवल्या गेल्या. रंग संपला तेव्हा रंगारी मला तिथेच सोडून गेला. त्या घरातल्या फ्लॉसीबाईंनी मला घासून पुसून न्हाणीघरात ठेवले. पुढे सहा वर्षे मी पाणी साठवले. एक थेंबही कधी गळू दिला नाही, म्हणून त्या सगळ्यांना सांगायच्या, "माझ्या बादल्या फुटल्या, पण हा डबा हलला नाही."

आणि एके दिवशी त्यांनीच तापवलेल्या सळईने माझ्या बुडाला सहा भोके पाडली.

माझे काय चुकले ते मला कळेना. पाणी न धरणारा डबा, त्याला काय अर्थ? त्यांनी मला गॅलरीत नेले, तळाशी वीतभर माती घातली आणि मोड आलेले दोन बटाटे पुरले. नोव्हेंबर अर्धा झाला होता. थोड्या दिवसांनी हिरवे कोंब वर आले. मला वाटले, आता कौतुक होईल. तर बाईंनी वरून आणखी माती ओतून त्यांना अर्धे पुरून टाकले! पुन्हा वाढले, पुन्हा माती.

त्यांचे यजमान मार्सेलकाका दारात उभे राहून बघत होते. ते वाडीवाले. जन्म केळी आणि पानवेलीत गेला, मुलासाठी म्हणून फ्लॅटमध्ये आलेले.

"अगं, झाड वर येतंय आणि तू पुरतेस काय?"

"तुझ्या केळीला घड वर लागतो, माझा बटाटा मातीत लागतो. तू जाऊन पेपर वाच."

काका हसत पेपर वाचायला गेले. पुढचे काही त्यांनी विचारले नाही.

जानेवारीत बाई यायच्या थांबल्या. आधी घाईघाईची पावले ऐकू आली, मग तीन दिवस घर रिकामे. त्यानंतर खूप माणसे आली, मेणबत्त्यांचा वास आला, आतून रोजरीची प्रार्थना ऐकू आली. मी वाट बघत होतो. डब्याला कोण काय सांगणार? सून शॅनन गॅलरीत येऊन फोनवर म्हणाली, "न्यूमोनिया झाला, तीन दिवसांत गेल्या मम्मी." गेल्या म्हणजे कुठे, ते मला बरेच दिवस कळले नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक जाड, खरबरीत हात पाणी घालू लागला. तो काकांचा होता. झाड चांगले माजले. काका सकाळी माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसायचे.

फेब्रुवारी संपत आला आणि खालची पाने पिवळी पडली. मग वरचीही. काका घाबरले. वाडीत पान पिवळे पडले की झाडाला काहीतरी कमी पडतेय, एवढे त्यांना ठाऊक. त्यांनी दोन वेळा पाणी सुरू केले, मग तीन वेळा. मासळी धुतलेले पाणी घातले. लवलेले देठ काठीला सुंभाने बांधले. जितके पाणी, तितकी पाने पिवळी. माझ्या आत गोल, कडक काहीतरी अंगाला टेकत होते. त्यातले एक मऊ होऊन फुटल्यासारखे वाटले. हे चांगले की वाईट? मला सांगता येईना आणि कळेनाही.

"पप्पा, वास मारतोय तो डबा. टाकू या?" शॅनन म्हणाली.

"तुझ्या मम्मीनं लावलंय. हे मी मरू देणार नाही."

त्याच दुपारी खालच्या मजल्यावरच्या वसुंधरावहिनी तरातरा वर आल्या. त्या मूळच्या मंचरकडच्या, बटाट्याच्या भागातल्या.

"मार्सेलकाका, माझ्या कुरडयांवर मासळीचं पाणी गळतंय हो! आमच्याकडे गुरुवार असतो, आता त्या कुरडया कोण खाईल?"

"सॉरी वहिनी. झाड आजारी आहे."

वहिनींनी माझ्यात डोकावून बघितले. "हा तर बटाटा. आणि पाणी घालताय? अहो, पाला पिवळा झाला म्हणजे माल तयार झाला. आमच्याकडे तेव्हा पाणी तोडतात. डबा आजच उलटा करा, नाहीतर आतला सगळा सडेल."

"म्हणजे उपटायचं?"

"हो."

"जिवंत आहे अजून. बघा, शेंड्याला हिरवं आहे."

वहिनींचा आवाज खाली आला. "काका, बाईंनी तो पाल्यासाठी नव्हता लावला."

काकांनी पेपर पसरला, काठीचा सुंभ सोडला आणि मला दोन्ही हातांनी उलटे केले. मी जीव मुठीत धरला. माती ढासळली आणि तिच्यातून बटाटे घरंगळत आले. चौदा होते. तीन सडून पाणी झालेले, बाकीचे घट्ट, पिवळसर, नवे कोरे. काका जमिनीवर बसले आणि अंगठ्याने एकेकाची माती पुसू लागले.

"तिला माहीत असणार, कधी काढायचे ते," ते म्हणाले. "मी विचारलंच नाही."

मग सडलेले तीन त्यांनी वेगळे काढले आणि वहिनींकडे बघितले. "यातला बियाण्याला कुठला ठेवायचा, सांगाल?"

मित्रांनो, मी डबा आहे, मला सगळे समजले असे नाही. पण ते तीन बटाटे दुर्लक्षाने गेले नाहीत, मायेच्या पाण्याने गेले, एवढे मी आतून पाहिले आहे. तुम्हाला कोणी काही जपायला दिले, तर त्याला काय हवे ते विचारून घ्या. आणि ज्याने दिले तो घरात आहे, बोलतो आहे, तोवरच विचारा. पेपर नंतर वाचता येतो.