महिषासुर ठेक्याआधी पडला

आमच्या हेमंतला रीत म्हणून नाही. बापाचं दहावं उरकून माणसं अजून ओटीवर बसलेली, आणि हा तिथंच कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला. वर मलाच बोलावतो, "आई, बघ ना, ह्याच्यासाठी थांबलो होतो."

काय बघायचं? उंचसखल रेघ. म्हणे हा एक मेलेला तारा, जोडीला दुसरा जिता. मेलेला त्या जित्याच्या अंगावरचं ओढून घेतो आणि गरगर फिरतो. ओढलेलं त्याच्यावर आदळलं की एक्स-रे निघतात, दवाखान्यातल्याहून कडक. दर फेरीला एक झोत आपल्याकडे येतो, ठेक्यात. कित्येक वर्षं निपचित पडलेला, तो नेमका गावच्या बोहाड्याच्या, सोंगांच्या जत्रेच्या आठवड्यात भडकला. उपग्रह त्याच्याकडे वळवलेला, मग हेमंतला मुंबई सोडवेना.

"खाणं वाढलं तसा तो जोरात फिरायला लागला, आई. झोत वेळेआधी यायला लागले. हेच तर सापडलं!"

समजलं मला. चौथीपर्यंतच शिकले, पण ठार वेडी नाही.

मोखाड्याच्या बोहाड्यात देवादैत्यांचे मुखवटे बांधून सोंगं नाचवतात. ज्या घरचं सोंग त्याच घरानं नाचवायचं. आमच्याकडे महिषासुर, शेवटच्या सकाळी देवीच्या हातून मरणारा. शिंगांसकट जड लाकूड, मान मोडते. ह्यांच्या छातीत दम उरला नव्हता. डॉक्टरनं चढावर चालायलाही मनाई केलेली. पुतण्या धर्मेंद्र येऊन विचारून गेला, "काका, मी नाचवू?" ह्यांचं एकच, "कशाला? हेमंत येतोय. शेवटच्या सकाळी पोचतो म्हणालाय."

शेवटची सकाळ झाली. देवीचं सोंग निघालं. फोन लावला तर हा म्हणतो, "बाबा, तारा अजून भडकतोय, आज कसा निघू?" ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मुखवटा बांधायला घेतला. मी दारात आडवी झाले. ऐकतील तर ते हे कसले!

देवीनं तलवार उगारली की महिषासुरानं गिरक्या घ्यायच्या, सांबळाचा ठेका थांबला की वार, मग पडायचं. हे पहिल्याच गिरकीत पडले. सांबळ वाजतच होता. लोकांनी टाळ्या पिटल्या. "म्हातारा काय पडला!" मी ओरडत गर्दीत शिरले, "मुखवटा सोडा रे त्यांचा!" तर बाया हसल्या. त्यांना वाटलं, मीही सोंगातलीच. गाठ सुटेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे मी हेमंतला ओटीवरच सांगितलं, सगळ्यांसमोर. त्यानं लॅपटॉप मिटला. रडला. माझे पाय धरून म्हणाला, "पुढच्या वर्षी मी नाचवतो, आई. शपथ."

"नको. सोंग धर्मेंद्रच्या घरी गेलं, काल माझ्या हातानं दिलं. तुझं काम मोठं आहे, हेमंत, ते मी चारचौघांत सांगेन. पण तू येतो म्हणालास. येत नाही म्हणाला असतास, तर तुझा बाप आज ह्याच ओटीवर बसून तुझा तारा लोकांना समजावत असता."