नुसती घड्याळं

नानासोंनी बोटं मिटत गावातली घड्याळं पुन्हा मोजली. शाळेचं एक, स्टेशनमास्तरांचं एक, डॉक्टरांचं एक, रजेवर आलेल्या दोन शिपायांची दोन आणि लग्नात मिळालेली सहा, त्यातली चार बंद.

"अकरा घड्याळांवर मानूस जगतूय व्हय रं?"

त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कोंडीबानं मान हलवली. "लय तर लय चार दिस."

प्रश्न कृष्णातबद्दलचा होता. दोन महिन्यांपूर्वी तो सांगलीहून रहिमतपुरात आला, पेठेत खोली घेतली आणि पाटी लावली : घड्याळ दुरुस्ती. खाली काही नाही. इतकी अर्धवट पाटी गावानं पाहिली नव्हती. नानासोंच्या फळीवर खडूनं मीठ, रॉकेल, बांगड्या, मयताचं सामान, छत्री दुरुस्ती आणि सरकारी अर्ज एवढं लिहिलेलं होतं. दाढदुखीचं लवंगतेल ते फळीबाहेर देत.

साल चव्वेचाळीस. डोंगरात भूमिगत पोरं होती आणि गावाला पोलिसांचे खबरे शोधायचा छंद होता. बाजाराच्या दिवसापर्यंत कृष्णातनं खरा धंदा सांगितला नाही, तर त्याचं नाव वर डोंगरात कळवायचं ठरलं. वर कळवलेल्या माणसाचे फटके खाल्लेले तळवे पुढं महिनाभर जमिनीला टेकत नसत.

"दुसरं मला काय येतच न्हाई," डोळ्यावरचं भिंग न काढता कृष्णात म्हणाला होता. त्यानं संशय पक्का झाला.

नानासो मात्र पुराव्याचे भोक्ते. बाजाराच्या आदल्या दिवशी ते सांगलीला गेले. पेठेत एक दुकान नुसत्या कुलपांचं, एक नुसत्या फेट्यांचं आणि एक नुसत्या बटणांचं. बटणवाला अंगानं चांगला भरलेला होता. म्हणजे बटणांवर भागत होतं. पुढं ओळीनं तीन घड्याळजी.

"कृष्णात?" पहिला म्हणाला. "हात चांगला हाय त्येचा. हितं चौथ्याला काम न्हाई, म्हणून गेला बिचारा. तुमचा काय धंदा?"

नानासोंनी मिठापासून लवंगतेलापर्यंत सगळं अभिमानानं सांगितलं.

घड्याळजीनं भिंग काढलं. "ह्ये सगळं एकटंच?"

"व्हय."

"आन् खरा धंदा?"

नानासो हसले. घड्याळजी हसला नाही. त्यानं बटणवाल्याला हाक मारली. नानासो स्टेशनात पोचेपर्यंत बटणवाला पंधरा पावलं मागं चालत होता, आणि बटणं विकायची त्याला मुळीच घाई दिसत नव्हती.

गावात कोंडीबा पायरीवर वाटच पाहत होता. "काय निघालं?"

"घड्याळजी हाय."

"नुसता?"

नानासोंनी ओलं फडकं घेऊन फळीवरचं 'छत्री दुरुस्ती' पुसलं. मग दुरुस्तीला आलेल्या पाच छत्र्या, तारा आणि पक्कड काखेत मारून ते कृष्णातकडं गेले.

"आवं, मला छत्र्यातलं काय कळतंय?"

"कळंल. उद्या बाजार हाय. आदी पाटीवर लिव्ह."

दुसऱ्या दिवशी कृष्णातच्या पाटीवर दोन ओळी होत्या. बाजाराला आलेल्या माणसांनी त्या वाचल्या, माना डोलावल्या. वर काही कळवावं लागलं नाही.

"आला मानूस वळणावर," कोंडीबा म्हणाला. मग त्याची नजर नानासोंच्या फळीवरल्या पुसट ओल्या पट्ट्याकडं गेली. तो एक पायरी खाली सरकला आणि शेजारच्या ज्ञानूच्या कानाशी लागला.

"चालता धंदा सोडला की रं ह्यानं. सांगलीत कुनाला भेटून आला म्हनायचा?"