पाचवी पायरी

डेसच्या स्वयंपाकघरात थेरपिस्ट ब्रॉन्विनने घडी घातलेला कागद टेबलावर उलगडला आणि तळहाताने दाबून धरला. त्यावर सहा चौकटी होत्या. पहिली पायरी सगळ्यांत खाली, शेवटची वर. गेल्या मंगळवारी तिने तो डेसला कोराच दिला होता. मनात येईल ते काहीही सहा पायऱ्यांत आखायचं, एकेक करत पार पाडायचं, झालेल्या पायरीपुढे खूण करायची.

समुद्रातली कालवं काढायच्या बोटीवर लोखंडी हूक डोक्यात बसला, त्याला चौदा महिने झाले होते. डेसचं बोलणं परत आलं, चालणंही. चहा करायला मात्र तो कपाटासमोर नुसता उभा राहायचा, आधी काय आणि मग काय ते सुचायचं नाही. फ्रिजवर ब्रॉन्विनने लावलेली चित्रं अजून होती: दात, गोळ्या, शर्ट. गॅस एकदा तसाच चालू राहिला, तेव्हापासून त्याच्या बायकोने, मार्लीनने, शाळेची बस चालवणं सोडलं होतं. दिवसा तो घरी एकटा राहू शकेल का, हे ब्रॉन्विनला आजच्या अहवालात लिहायचं होतं.

"मित्रांना जेवायला बोलावलंत वाटतं?" तिने डेसला विचारलं.

"वाच की, पोरी. एवढी शिकलीस ना?"

ती खालून वाचू लागली. 'शेजारच्या वॉलीला फोन.' खूण. 'वॉलीच्या गाडीतून पोर्ट लिंकन.' खूण. 'खोली बघणे. खिडकी आहे का?' खूण. 'अर्जावर सही.' खूण.

तिचं बोट अडखळलं.

'बुधवार. मार्लीनला सांगणे.' इथे खूण नव्हती. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत: 'सोमवार. मी केअर होममध्ये. मार्लीन परत बसवर.'

टोस्टची बशी ठेवायला आलेल्या मार्लीनने तिच्याकडे पाहिलं, मग कागद ओढून घेतला. बशी तिच्या हातातच राहिली.

"डेस. हे काय आहे?"

"आज मंगळवार," डेस चिडला. "तुला उद्या सांगायचंय. तू आजच वाचलंस."

"आणि वॉलीला माहीत होतं? गावभर बोंबलत फिरणाऱ्या वॉलीला?"

"रोज सकाळी सातला त्याला फोन करायचो. तोंड बंद ठेव म्हणून. अलार्म लावलाय."

मार्लीन खाली बसली. चारही खुणांवरून तिने एकेक करत बोट फिरवलं.

"मी कुठे होते तेव्हा?"

"गुरुवारी केस कापायला गेलीस. वॉलीला माझ्यावर लक्ष ठेवायला बसवून. तुला तीन तास लागतात. मनात कधीपासून होतं, म्हणून आधीच्या दोन वेळा घड्याळ लावून बघितलं."

ब्रॉन्विनने टॅबलेटवर अहवाल उघडला. 'स्वतःहून नियोजन करतो का?' तिने 'हो'वर बोट टेकवलं आणि टॅबलेट मार्लीनकडे फिरवला.

मार्लीनने तो प्रश्न दोनदा वाचला.

"मग आता तू जायचं कशाला, येड्या?"

डेसने कागद उचलून उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्याने ब्रॉन्विनकडे पेन मागितलं.