गुणाचा कोंडा

ताईच्या धाकट्या भावाने जन्मात काकडीचं एक रोप लावलं नव्हतं. पण तो गणिती ना! खाणारे किती, खाल्ले जाणारे किती, त्यावरून पुढे कोण उरेल हे तो कागदावर काढून दाखवायचा. ताईला त्याचं कोण कौतुक! आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं, मग असणारच.

ताईच्या पॉलीहाऊसमध्ये लाल कोळी शिरला. मोहरीएवढाही नाही मेला, पण पान शोषून पांढरंफटक करतो. धाकट्याचा त्यावरच प्रयोग चालला होता. इतर काही शेतकऱ्यांबरोबर त्याने ताईलाही लगेच डबे पाठवले. डब्यांत कोंडा, आणि कोंड्यात म्हणे कोळ्यांना खाणारे शिकारी किडे.

"पानांवर भुरभुरव. औषध फवारायचं नाही हं ताई, आधी शिकारी मरतात नि कीड दुपटीने उठते. दर सोमवारी भिंगातून कोळी मोज, मी फोन करीन."

"आणि ते शिकारी मला दिसतील का रे?"

"तुला नाही ओळखू यायचे."

ताईने इमानेइतबारे कोंडा भुरभुरला. कीड कसली हटतेय! पानं पिवळी पडली, वेलींवर जाळी चढली. हात फवारणीच्या पंपाकडे जायचा, की ती स्वतःलाच दटावायची. सोमवारी फोन वाजला की मात्र तिची जीभ अडखळायची. खरं सांगितलं तर चार शहाण्यांत पोराचं हसं व्हायचं. म्हणून ती निम्मंच सांगायची, पुढच्या खेपेला त्याच्याही निम्मं. पलीकडे तो गप्प व्हायचा. आनंदाने शब्द फुटत नसतील, असं तिला वाटायचं. वेडी माया, दुसरं काय!

शेवटी वेली पार वाळल्या. तिने त्या रडत रडत उपटल्या, त्याच दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, घोळ झालाय. उद्या आमच्या साहेबांपुढे प्रयोगाचे सगळे आकडे मांडायचेत. बाकीच्यांच्या डब्यांत शिकारी होते, तुझ्या डब्यांत नुसता कोंडा. तुलनेला एक जागा बिनशिकाऱ्यांची लागतेच. तिथे कीड वाढायला हवी होती, आणि तुझ्याकडे तर सगळ्यांत कमी!"

ताईने विचारलं,

"माझंच पीक सापडलं होय रे तुला?"

"दुसऱ्या कुणी चोरून फवारलं असतं. तू माझा शब्द मोडत नाहीस." तो वैतागला होता. "ते राहू दे गं. मोजताना चुकलीस का, तेवढं सांग. नाहीतर माझं सगळं काम पाण्यात जाईल."

एक 'हो' पुरला असता. तो तिच्या ओठांवर आलाही होता. समोर उपटलेल्या वेलींचा ढीग पडला होता आणि त्यावर लाल कोळी अजून वळवळत होते.

"चुकेन कशी? तूच तर शिकवलंस," ताई म्हणाली. "तुझा कोंडाच गुणाचा, बाळा. उद्या साहेबांना तेच सांग."